कष्ट काढावेत, पडताळणी नव्हे

लिनक्सवर टॉर ब्राउझर बसवताना ‘सहीची पडताळणी अयशस्वी’ असा संदेश आला की भल्याभल्यांची गाडी तिथेच अडते. ‘टॉरब्राउझर-लाँचर’ हा छोटा प्रोग्रॅम ब्राउझरची फाइल उतरवून घेतो, तिच्यावरची डिजिटल सही तपासतो आणि सही जुळली नाही तर पुढे जायला नकार देतो. नकार देताना तो कारणांच्या तीन शक्यता सांगतो: तुमच्यावर कोणी हल्ला करत असेल, नेटवर्कमध्ये बिघाड असेल किंवा सही तपासण्यासाठी लागणारी, नव्याने आलेली किल्ली तुमच्या संगणकावर अजून पोहोचली नसेल. यातली पहिली शक्यता गंभीर आणि उरलेल्या दोन किरकोळ आहेत. नेमकी कोणती खरी, हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. ते काम दुरुस्ती करणाऱ्यावर पडते. अशा वेळी शोधून सापडलेली एखादी कमांड टर्मिनलमध्ये चिकटवायची आणि पुढे जायचे, अशी रीत पडून गेली आहे. अनेकदा त्या कमांडने बिघाड तसाच राहतो आणि तपासणी तेवढी बंद होते. या अडथळ्यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या खऱ्या धोक्याला उत्तर म्हणून विचारपूर्वक उभे केलेले दिसतात. त्याच इतिहासातून दुरुस्तीचा एक निकषही हाती लागतो. तपासणीचे कष्ट कमी करणारा उपाय टिकतो आणि माणसाचे भले करतो; तपासणीच काढून टाकणारा उपाय त्याला पूर्वीपेक्षा उघडा पाडतो.

टॉरची मूळ कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हरसन या संशोधकांना अशी व्यवस्था हवी होती, की इंटरनेटवर कोण कोणाशी बोलत आहे हे वाटेतल्या कोणालाही कळू नये. संदेशावर कूटलेखनाचे एकावर एक थर चढवायचे आणि तो अनेक संगणकांमार्फत पाठवायचा. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा एक थर उतरवून तो पुढे द्यायचा. त्यामुळे पाठवणारा आणि घेणारा हे दोघेही कोणत्याच एका संगणकाला कळत नाहीत. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सायव्हरसन यांच्यासोबत उभारलेले टॉरचे जाळे ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाले. २००३च्या अखेरीस त्यात स्वयंसेवकांचे जेमतेम डझनभर संगणक होते. जाळे उभे राहिले तरी त्यासाठीचा ब्राउझर नव्हता. वापरणाऱ्याने टॉर वेगळे बसवायचे, प्रायव्हॉक्सी नावाचा मध्यस्थ प्रोग्रॅम वेगळा बसवायचा आणि ब्राउझरची सेटिंग हाताने बदलायची. पुढे टॉरबटन हे एक्स्टेन्शन आले आणि फायरफॉक्समध्ये एका बटणाने टॉर सुरू-बंद करता येऊ लागले. ही सोय धोक्याची होती, कारण एकाच ब्राउझरमध्ये उघड आणि गुप्त वावर शेजारी शेजारी राहत आणि कुकी, कॅश यांच्या खुणा एकीकडून दुसरीकडे झिरपू शकत. २००८ मध्ये स्वतंत्र टॉर ब्राउझरचे काम सुरू झाले आणि २०११ मध्ये टॉर प्रकल्पाने बटणाची पद्धत सोडून देत असल्याचे जाहीर केले. फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती, तिच्यात केलेले बदल आणि टॉर असा एकत्र बांधलेला संच हाच पुढे राजमार्ग ठरला. जोडणीचे काम वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतले गेले आणि उघड व गुप्त वावर वेगळा ठेवण्याची अट मात्र अधिक कडक झाली. ज्या निकषाबद्दल मी बोलतो आहे, त्याचे हे पहिले उदाहरण.

असा एकत्र बांधलेला संच लिनक्सच्या परंपरेत सहज बसत नाही. लिनक्स वापरणारा माणूस प्रोग्रॅम शोधत साइटोसाइट हिंडत नाही. तो आपल्या वितरणाच्या भांडारातून पॅकेज घेतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या वितरणाने ही पद्धत रुजवली. मूळ लेखकाचा कोड घ्यायचा, वितरणाच्या नियमांत बसेल असा बदलायचा, पॅकेज बांधायचे आणि त्याची जबाबदारी घ्यायची, हे तिथल्या स्वयंसेवकांचे काम. पण बदललेला प्रोग्रॅम मूळ नावाने द्यायचा का, यावर २००६ मध्ये वाद पेटला, आणि तो नेमका ब्राउझरवरूनच. फायरफॉक्स हे नाव वापरायचे तर अधिकृत चिन्ह वापरा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या, असे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे म्हणणे होते. डेबियनला ते मान्य नव्हते. परिणामी पुढची दहा वर्षे डेबियनवर तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने मिळत राहिला. फायरफॉक्स हे नाव २०१६ मध्ये परत आले. टॉर ब्राउझरच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड आहे. त्याचे सर्व वापरकर्ते वेबसाइटला शक्य तितके सारखे दिसले पाहिजेत. प्रत्येक वितरणाने त्यात थोडाथोडा बदल केला, तर त्या त्या वितरणाचे लोक गर्दीतून वेगळे काढता येतील. म्हणून डेबियनच्या भांडारात मायका ली यांनी लिहिलेले लाँचर तेवढे आहे, आणि तेही मुख्य भागाबाहेरच्या ‘कॉन्ट्रिब’ विभागात. प्रत्यक्ष ब्राउझर ते टॉर प्रकल्पाकडून उतरवून घेते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी बदलते आणि ब्राउझर काही आठवड्यांनी. २०१९ च्या डेबियन १० पासून ॲपआर्मर ही पहारा व्यवस्था मुळातच सुरू ठेवलेली असते, आणि ब्राउझरच्या आतल्या फाइलींची मांडणी बदलली की तिचे जुने नियम नव्या ब्राउझरला अडवतात. म्हणजे इथल्या कित्येक बिघाडांचे मूळ या दोन गतींच्या फरकात आहे. त्यावरचा योग्य इलाज नवे लाँचर मिळवण्याचा, किंवा मूळ संच थेट टॉर प्रकल्पाकडून घेऊन सही स्वतः तपासण्याचा. अख्खे ॲपआर्मर बंद केल्यानेही ब्राउझर चालू होतो, पण त्याबरोबर संगणकावरच्या इतर सगळ्या प्रोग्रॅमांवरचा पहाराही उठतो.

भांडारावरचा विश्वास तरी कशाच्या आधारावर उभा होता? बराच काळ तो माणसांच्या सचोटीवर आणि सर्व्हरच्या सुरक्षिततेवर उभा होता. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या अनेक सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. चोरलेला पासवर्ड आणि कर्नलमधली एक त्रुटी यांच्या जोरावर हल्लेखोर आत शिरला होता. पॅकेजच्या भांडाराला धक्का लागलेला नव्हता. तरी ती खात्री करून घेण्यासाठी स्वयंसेवकांना मोठी तपासणी करावी लागली. भांडारात कोणी फेरफार केला असता, तर वापरणाऱ्याच्या संगणकाला तो आपोआप ओळखता आला नसता, ही उणीव त्या घटनेने ठळक केली. अॅप्ट या पॅकेज व्यवस्थेत सही तपासण्याची सोय त्या काळात तयार होत होती. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० मध्ये ती स्थिर आवृत्तीचा भाग झाली. तेव्हापासून भांडाराच्या यादीवर सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो आणि संगणक दोन्ही तपासूनच पॅकेज बसवतो. माणसाला यातले काहीच हाताने करावे लागत नाही. बाहेरचे भांडार जोडायची वेळ आली की मात्र ही यंत्रणा दिसू लागते. ब्रेव्हसारखा ब्राउझर त्याच्या स्वतःच्या भांडारातून घ्यायचा, तर त्या भांडाराची सार्वजनिक किल्ली आधी संगणकावर आणावी लागते. ती आणली नाही, तर ‘सार्वजनिक किल्ली उपलब्ध नसल्याने सही तपासता आली नाही’ अशी तक्रार येते. पूर्वी अशा सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात जमा होत आणि त्यातली कोणतीही किल्ली कोणत्याही भांडारासाठी चालत असे. म्हणजे ब्राउझरसाठी दिलेल्या किल्लीचा मालक व्यवस्थेच्या गाभ्यातल्या पॅकेजवरही सही करू शकला असता. म्हणूनच ती पद्धत अलीकडच्या वर्षांत मोडीत काढली गेली आणि प्रत्येक भांडाराला त्याची ठरावीक किल्ली बांधून देण्याची रीत आली. जुन्या सूचनांप्रमाणे गेलेल्या माणसाला आज जो इशारा दिसतो, तो या बदलाचा आहे. भांडाराला ‘विश्वासू’ असा शेरा मारून सहीविना पॅकेज घेता येते. तसे केले की वापरणारा पुन्हा २००७ च्या आधीच्या काळात जाऊन बसतो.

सहीची ही विद्या आली ती पीजीपीमधून. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला तेव्हा अमेरिकेच्या कायद्याच्या नजरेत बलवान कूटलेखन हे युद्धसामग्रीत मोडत होते. त्याची निर्यात केल्याच्या संशयावरून झिमरमन यांची काही वर्षे चौकशी चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये ती सोडून देण्यात आली. १९९९ मध्ये वर्नर कॉख यांच्या ग्नूपीजीची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि लिनक्सच्या जगात सही तपासण्याचे तेच साधन झाले. किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे हे कसे ओळखायचे, या प्रश्नावर पीजीपीने दिलेले उत्तर होते परस्पर साक्षीचे: ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करायच्या. या किल्ल्या आणि सह्या ठेवणारे सर्व्हर जाणूनबुजून असे बांधले होते, की त्यात भर घालता येईल, पण काही पुसता येणार नाही. कोणत्याही सरकारला दडपण आणून एखाद्याची किल्ली गायब करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. २०१९ च्या जूनअखेरीस कोणीतरी याच गुणाचे हत्यार केले. पीजीपीच्या खुल्या मानकाच्या, म्हणजे ओपनपीजीपीच्या, विकासात असलेल्या दोन जाणत्या व्यक्तींच्या किल्ल्यांवर बनावट सह्यांचा पूर आणला गेला. एकेका किल्लीवर सुमारे दीड लाख सह्या जमू शकत होत्या आणि ती उतरवून घेणारे ग्नूपीजी कोलमडून पडत होते. पुसण्याची सोयच नसल्याने दुरुस्तीही होईना. त्यानंतर किल्ली त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मिळवण्याच्या पद्धतीला जोर आला आणि टॉर प्रकल्पही आता तीच पद्धत सांगतो. त्यामुळे जुन्या सर्व्हरचे नाव असलेली सूचना आज अडली, तर तिच्यामागे या हल्ल्याचा परिणामही असू शकतो. सही जुळली तरी ‘ही किल्ली खरोखर त्या मालकाची आहे याचा पुरावा नाही’ असा इशारा ग्नूपीजी देते, आणि तो वाचून अनेकजण दचकतात. त्या इशाऱ्याचा अर्थ मर्यादित आहे: गणित जुळले, किल्लीचा लांबलचक फिंगरप्रिंट दुसऱ्या विश्वसनीय ठिकाणाहून पाहून घेण्याचे काम मात्र तुमचे.

एवढी खबरदारी खरोखर लागते का, याचे उत्तर घडलेल्या घटनांनी दिले आहे. २०१४ मध्ये टॉरच्या जाळ्याच्या टोकाचा, रशियातला एक संगणक पकडला गेला. त्याच्यामार्फत, कूटलेखनाविना उतरवल्या जाणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅम फाइलींना तो वाटेतच विषारी कोड जोडत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ या आवृत्तीची लिंक मागचे दार ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळवण्यात आली. जिथे लिंक तिथेच चेकसम ठेवला, तर लिंक बदलू शकणारा माणूस चेकसमही बदलू शकतो. वेगळ्या ठिकाणी राखलेल्या किल्लीने केलेली सही त्याला बनवता येत नाही. २०२२ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांनी टॉर ब्राउझरच्याच एका बनावट इन्स्टॉलरचा छडा लावला. त्याची लिंक १ लाख ८० हजारांहून अधिक वर्गणीदार असलेल्या एका चिनी भाषेतल्या यूट्यूब चॅनेलवर दिलेली होती. टॉरचे मूळ संकेतस्थळ चीनमध्ये अडवलेले असल्याने लोक दुसऱ्या वाटा शोधणार, हे हल्लेखोरांना ठाऊक होते. तो ब्राउझर पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि भरलेल्या फॉर्ममधली माहिती साठवून ठेवत होता. ज्यांना खासगीपणाची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच जाळ्यात सापडत होते. यातल्या दोन घटना विंडोजवरच्या असल्या तरी धडा लिनक्सलाही तितकाच लागू पडतो: मूळ ठिकाणाकडे जाणारी वाट अडली किंवा दूषित झाली, की हातात आलेल्या फाइलीची साक्ष देणारे सहीशिवाय फारसे काही उरत नाही.

ब्राउझर खरा आहे हे ठरले तरी तो सुरू होईलच असे नाही. आधुनिक ब्राउझर वेबपानातला कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून तोडलेल्या कप्प्यात चालवतात. लिनक्सवर असा कप्पा तयार करायला पूर्वी रूटचे, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या कर्नलने सामान्य वापरकर्त्यालाही ‘युझर नेमस्पेस’ तयार करण्याची मुभा दिली आणि ब्राउझरांना सँडबॉक्स बांधणे सोपे झाले. पण या मुभेमुळे कर्नलचे पूर्वी फक्त रूटला पोहोचता येणारे कोपरे सर्वांना खुले झाले आणि त्यांतल्या त्रुटी हल्लेखोरांच्या हाती लागू लागल्या. डेबियनने ही सोय अनेक वर्षे बंदच ठेवली होती. २०२१ च्या डेबियन ११ मध्ये ती खुली झाली. उबुंटू हे वितरण उलट दिशेने गेले. एप्रिल २०२४ च्या २४.०४ आवृत्तीत ॲपआर्मरची प्रोफाइल, म्हणजे नियमांची फाइल, असलेल्या प्रोग्रॅमांनाच ही मुभा राहिली. ओळखीच्या ब्राउझरांसाठी उबुंटू ठरावीक मार्गांची प्रोफाइल पुरवते. होम फोल्डरमध्ये उलगडलेली प्रत किंवा ॲपइमेज त्या मार्गावर नसते, आणि मग क्रोमियमच्या कुळातला ब्राउझर ‘वापरण्याजोगा सँडबॉक्स नाही’ असे म्हणून बंद पडतो. फायरफॉक्सच्या कुळातला चालतो, पण काही संरक्षण कमी झाल्याचा इशारा देतो. इथे सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सँडबॉक्स बंद करण्याचा पर्याय देऊन ब्राउझर चालवणे. या सगळ्यात सर्वांत वाईट सल्ला हाच. त्या एका ब्राउझरपुरते प्रोफाइल लिहिले, किंवा तो अधिकृत भांडारातून घेतला, तर कर्नलचा बचाव आणि ब्राउझरचा बचाव दोन्ही टिकतात. सँडबॉक्स काढला की ब्राउझरच्या एका त्रुटीतून हल्लेखोर वापरकर्त्याच्या सगळ्या फाइलींपर्यंत पोहोचू शकतो; मग टॉरने आयपी पत्ता लपवला काय आणि न लपवला काय.

काही गोष्टी तर बिघाड नसूनही बिघाड वाटतात. आपल्या आवडीचा देवनागरी फाँट लिनक्सवर बसवला, दुसऱ्या ब्राउझरमध्ये मराठी पाने त्यात दिसू लागली आणि टॉर ब्राउझर मात्र त्याची दखल घेत नाही, असा अनुभव मराठी वाचकाला येईल. त्यामागचे कारण २०१० च्या एका अभ्यासात सापडते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी ४ लाख ७० हजारांहून अधिक ब्राउझरांच्या नोंदी तपासल्या. त्यातले ८३.६ टक्के केवळ आवृत्ती, फाँट, पडद्याचा आकार अशा तपशिलांच्या जुळणीवरून एकमेवाद्वितीय निघाले. संगणकावरच्या फाँटची यादी हा त्यातला मोठा धागा होता. म्हणून २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या ५.५ आवृत्तीपासून टॉर ब्राउझर लिनक्सवर सोबत आणलेलेच फाँट वापरतो. खिडकीभोवतीचे राखाडी पट्टे २०१९ पासून आले. पडद्याचा नेमका आकार कळू नये यासाठी ते आहेत. वेबसाइटला संगणकाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत सांगितली जाते, त्यामुळे भारतातल्या माणसाला काही पानांवर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. हे तिन्ही ‘दोष’ दुरुस्त करण्याच्या युक्त्या मिळतात, आणि प्रत्येक युक्ती वापरणाऱ्याला गर्दीतून एक पाऊल बाहेर काढते. संगणकाचे स्वतःचे घड्याळ चुकणे ही मात्र खरी अडचण आहे. टॉरच्या जाळ्याची सहीबंद यादी दर तासाला नवी निघते आणि तिच्यावर मुदत लिहिलेली असते. जुन्या संगणकाची छोटी बॅटरी संपून घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले, तर ती यादी भविष्यातली वाटते आणि जोडणी होत नाही. घड्याळ लावणे हा इथला संपूर्ण इलाज आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप वजनदार आहे: इतक्या अडथळ्यांची शर्यत सामान्य माणूस जिंकूच शकत नाही, म्हणून हे अडथळेच खासगीपणाचे शत्रू आहेत. त्याला पुरावाही आहे. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी पीजीपीच्या ५.० आवृत्तीची चाचणी १२ जणांवर घेतली. दीड तास देऊनही त्यांच्यातल्या एक तृतीयांश लोकांनाच संदेशावर सही करून तो नीट कूटबद्ध करता आला. २००६ मध्ये डिंगलडाइन आणि मॅथ्यूसन यांनीही असे मांडले, की अनामिकतेच्या व्यवस्थेत सोपेपणा हा सुरक्षिततेचाच घटक आहे. वापरणारे कमी असतील तर लपायला गर्दीच उरत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र तपासणी काढण्याचा नाही. अॅप्टने सह्या तपासायला सुरुवात केल्यावर लिनक्स वापरणे अवघड झाले नाही, कारण ते काम संगणकाने उचलले. टॉर ब्राउझरमध्ये २०१४ मध्ये आतूनच अपडेट होण्याची सोय आली आणि त्यानंतरच्या वर्षी त्या अपडेटच्या सह्याही ब्राउझर स्वतः तपासू लागला. आता हाताने सही तपासावी लागते ती प्रामुख्याने पहिल्यांदा बसवताना. लोकांना सोपेपणा मिळाला तो पडताळणी यंत्राकडे सोपवल्यामुळे, आणि पुढचे कामही त्याच दिशेने व्हायला हवे: लाँचर वेळेवर अद्ययावत राहावे, प्रोफाइल वितरणानेच पुरवावी, इशारे स्पष्ट भाषेत असावेत.

दुसरा आक्षेप खोल आहे. सही फार तर फाइल कुठून आली हे सांगते. फाइल चांगली आहे हे सांगत नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते, की कंपायलरमध्येच दगा असेल तर निर्मळ दिसणाऱ्या कोडमधूनही दगाबाज प्रोग्रॅम तयार होतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचनाच्या साधनात मागचे दार सापडले, तेव्हा ते घालणारा माणूस त्या प्रकल्पाचा अधिकृत देखभालकर्ताच होता. त्याने दीर्घकाळ काम करून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले आणि म्हणून तो कट उघडा पडला. मग सहीचा आग्रह कशाला? याचे उत्तरही याच इतिहासात आहे. सही अपुरी आहे हे ओळखून टॉर प्रकल्पाने २०१३ मध्ये ३.० या आवृत्तीपासून ब्राउझर अशा रीतीने बांधायला सुरुवात केली, की तोच कोड घेऊन कोणीही बांधला तरी हुबेहूब तीच फाइल निघावी. मग बांधणाऱ्याच्या संगणकात शिरलेला दगा इतरांना पकडता येतो. डेबियनमध्येही त्याच वर्षी अशा प्रयत्नाला सुरुवात झाली. एक्सझेडच्या प्रकरणात वितरित केलेला संच आणि उघड कोडसाठा यांत फरक होता. उघड कोड आणि लोकांच्या हाती येणारी फाइल यांतल्या फरकाकडे लक्ष वेधणे हाच या प्रयत्नांमागचा विचार आहे. कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार सताड उघडे टाकत नाही, आणि एक तपासणी अपुरी ठरली याचा अर्थ तिच्या जोडीला दुसरी हवी, एवढाच होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने या भानगडीत का पडावे? टॉरच्या जन्मकथेतच याचे उत्तर आहे. केवळ नौदलाने वापरलेले अनामिक जाळे निरुपयोगी ठरले असते, कारण त्यातून येणारा प्रत्येकजण नौदलाचाच असल्याचे उघड झाले असते. म्हणून ते सर्वांसाठी खुले करावे लागले. पत्रकार, छळातून सुटू पाहणारी स्त्री, आजाराबद्दल निवांतपणे वाचू इच्छिणारा माणूस या सगळ्यांचे रक्षण सामान्य वापरकर्त्यांच्या गर्दीमुळे होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. त्याच देशात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचे निर्देश दिले आणि काही कंपन्यांनी आपले सर्व्हर इथून हलवले. हक्क कायद्यात असला तरी तो वापरण्याची साधने प्रत्येकाच्या संगणकावर नीट बसलेली असावी लागतात, आणि ती बसवण्याचे काम घरातल्या, कॉलेजातल्या, ऑफिसातल्या कोणा जाणकाराकडेच येते.

म्हणून या जाणकाराच्या कामाला मी तांत्रिक मदतीपेक्षा मोठे मानतो. त्याच्यासमोर आलेल्या संदेशात कधी २००३ ची घुसखोरी असते, कधी २०१९ चा सह्यांचा पूर, कधी २०२४ मध्ये बदललेला कर्नलचा नियम. हे कारण ओळखता आले तर इलाज बहुधा छोटाच निघतो: घड्याळ लावणे, नवी किल्ली मूळ ठिकाणाहून आणून फिंगरप्रिंट ताडून पाहणे, ताजे लाँचर घेणे, एका ब्राउझरपुरते प्रोफाइल देणे. कारण न ओळखता केलेला इलाज बहुधा मोठा असतो: रूटने चालवणे, सही वगळणे, सँडबॉक्स काढणे, ॲपआर्मर बंद करणे. दोन्ही इलाजांनी ब्राउझर उघडतो, त्यामुळे तो उघडला एवढ्यावरून दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही. ब्राउझर उघडल्यावर या संगणकावरची कोणती तपासणी काल होती आणि आज नाही, असा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर ‘एकही नाही’ असे येईल, तेव्हाच ते काम पुरे झाले असे समजावे.